वेचणें आणि वाचणें

शास्त्रीय विषयावरील विवेचन वाङ्मयविषयक मासिकांत कशाला, असा प्रश्न कांहीं वाचकांच्या मनांत येईल. म्हणून आरंभींच त्याचें उत्तर दिलेलें बरें. पेशीच्या अंतरंगांत काय चालतें हें शोधून काढण्याचें काम शास्त्रज्ञांचें. त्यांत आमच्यासारख्यांनीं लुडबूड करण्याचें कारण नाहीं. परंतु शोधलेली गोष्ट मराठींत सांगावयाची झाली कीं शब्द निवडावे लागतात, उपमा द्याव्या लागतात, आणि शब्द व उपमा आल्या कीं तेथें टीकाकाराचा अधिकार सुरू होतो. कादंबरींतील उपमा चुकली तर फार तर वाचकाचा रसभंग होतो. शास्त्रीय लेखांतील उपमा चुकली तर तिच्यावर विसंबून माणसें निर्णय घेतात, एकमेकांना दोष देतात आणि कधीं कधीं तो दोष आयुष्यभर वाहतात. पेशीच्या स्रावमार्गावर काम करणारीं, साखर ओळखणारीं प्रथिनें हा प्रस्तुत लेखाचा विषय आहे. परंतु परीक्षण करावयाचें आहे तें त्या प्रथिनांचें नव्हे, तर त्यांच्याविषयीं मराठींत ज्या भाषेंत लिहिलें व बोललें जातें त्या भाषेचें.

या विषयाकडे माझें लक्ष गेलें तें एका घरगुती प्रसंगामुळें. करमाळ्यांतील आमच्या परिचयाच्या एका कुटुंबांत नातवाचा दांत काढला आणि रक्त दोन दिवस थांबेना. मोठ्या शहरीं नेऊन तपासण्या झाल्या. रक्त गोठविणाऱ्या घटकांपैकीं पांचवा आणि आठवा असे दोन घटक फार थोडे भरले. उपचार झाले, मुलगा सुखरूप घरीं आला. पण घरच्या मंडळींनीं बरोबर जें ज्ञान आणलें तें एवढेंच कीं, ‘कारखान्यांतच बिघाड आहे, माल खराब निघतो.’ कोणीतरी सहज समजावें म्हणून केलेला हा खुलासा असावा. हेतु चांगलाच होता. उजनीचें पाणी अडल्यापासून आमच्या तालुक्याच्या भीमेकडील अंगाला ऊंस उभा राहिला, आणि उसाबरोबर कारखाना हा शब्द घरोघर पोंचला. तेव्हां उपमा समजावयास वेळ लागला नाहीं. घरांतील सासूबाई सुनेकडे निराळ्या नजरेनें पाहूं लागल्या. माहेरचें रक्तच वाईट, अशी कुजबुज झाली. वास्तविक ही सून त्यांच्याच सख्ख्या भावाची मुलगी. आमच्याकडे मामाची मुलगी करण्याची चाल जुनी आहे. म्हणजे ज्या माहेराला नांवें ठेवावयाचीं तें सासूबाईंचेंहि माहेर! पण उपमेनें एकदां मन धरलें कीं एवढी साधी गोष्टहि दिसेनाशी होते.

प्रथमतः वस्तुस्थिति पाहूं. आपल्या शरीरांतील पेशी जीं प्रथिनें तयार करते, त्यांपैकीं सुमारें एकतृतीयांश प्रथिनें एका ठराविक वाटेनें पुढें जातात. कांहीं पेशीबाहेर पडून रक्तांत मिसळतात, कांहीं पेशीच्या आवरणांत जाऊन बसतात, तर कांहीं लयकारिकांत, म्हणजे पेशींतील पाचनाच्या ठिकाणीं पोंचतात. या वाटेस स्रावमार्ग म्हणतात. तिचा पहिला टप्पा आंतर्द्रव्यजालिका, दुसरा गॉल्गी संकुल. इटलींतील कॅमिलो गॉल्गी यांनीं या संकुलाचें वर्णन १८९८ मध्यें केलें. प्रथिनें जालिकेंतून संकुलांत व तेथून बाहेर जातात हें जॉर्ज पॅलेड यांनीं दाखविलें, आणि १९७४ चें वैद्यकांतील नोबेल पारितोषिक ज्या तिघांना मिळालें त्यांत ते होते.

जालिकेंत शिरत असतांनाच यांपैकीं बहुतेक प्रथिनांना चौदा शर्करांची, फांद्या फुटलेली एक सांखळी जोडली जाते. मुळाशीं एन-ॲसिटिलग्लुकोसामिनचे दोन रेणू, त्यांवर मॅनोजचे नऊ, आणि एका फांदीच्या टोकाला ग्लुकोजचे तीन, अशी तिची रचना असते. या वेळीं प्रथिन म्हणजे केवळ एक लांब धागा असतो. त्याची घडी बसावयाची असते. टोकाचे दोन ग्लुकोज कापले जातात आणि एक उरतो. हा उरलेला एक ग्लुकोज ओळखून कॅल्नेक्सिन व कॅल्रेटिक्युलिन या नांवाचीं दोन प्रथिनें सांखळीला धरतात. त्यांनीं धरल्यामुळें धागा इतर धाग्यांत गुंतत नाहीं, आणि घडी बसावयास अवसर मिळतो. थोड्या वेळानें तो शेवटचा ग्लुकोजहि कापला जातो व पकड सुटते. घडी बसली असेल तर प्रथिन पुढच्या वाटेला लागतें. बसली नसेल तर एक निराळें प्रथिन तें हेरतें आणि कापलेला ग्लुकोज पुन्हां जोडतें. मग कॅल्नेक्सिनहि त्याला पुन्हां धरतें. असे अनेक फेरे होतात. दरम्यान मॅनोजच्या फांद्याहि हळूहळू छाटल्या जात असतात. फार रेंगाळलेल्या प्रथिनाची सांखळी अशी छाटली गेली कीं तें छाटलेलें रूप ओळखणारीं दुसरीं प्रथिनें त्याला जालिकेबाहेर काढण्याची तजवीज करतात, आणि बाहेर त्याचे तुकडे केले जातात. या फेऱ्यांची कल्पना १९९४ च्या सुमारास आरी हेलेनियस व त्यांच्या सहकाऱ्यांनीं मांडली. ग्लुकोज पुन्हां जोडण्याच्या क्रियेचा उलगडा अर्जेंटिनांतील आर्मांडो पारोदी यांच्या संशोधनांतून झाला.

साखर ओळखून धरणाऱ्या अशा प्रथिनांना लेक्टिन हें नांव आहे. त्यांचा शोध मात्र पेशीच्या अंतरंगांत लागला नाहीं. तो लागला बियांत. १८८८ मध्यें डोर्पाट येथें हर्मान स्टिलमार्क यांना असें आढळलें कीं एरंडाच्या बियांच्या अर्कानें रक्तांतील तांबड्या पेशी एकमेकींना चिकटून त्यांच्या गुठळ्या होतात. सोनार ज्या गुंजांनीं सोनें तोलीत त्या गुंजांतहि लौकरच तसाच पदार्थ सांपडला. पुढें घेवडा, वाटाणा, भुईमूग, फणसाची आठळी अशा नित्याच्या वस्तूंत लेक्टिनें निघालीं. राजमा भिजवून, तें पाणी टाकून, चांगला खळखळ उकळावा, अर्धाकच्चा खाऊं नये, हा जो सल्ला देतात त्याचें कारण त्यांतील लेक्टिन हेंच होय. भुईमुगांतील व आठळींतील लेक्टिनांची घडण बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेंत १९९० नंतरच्या दशकांत उलगडली गेली. पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेंतहि बियांतील लेक्टिनांचा अभ्यास झाला आहे. आणि विशेष हें कीं, १९९४ मध्यें संशोधकांच्या असें ध्यानांत आलें कीं आपल्याच पेशींच्या स्रावमार्गावर वावरणारें एर्जिक-५३ नांवाचें प्रथिन या शेंगवर्गीय लेक्टिनांचें गोत्रज आहे. घेवड्याच्या दाण्यांत आणि ज्या हातानें तो दाणा सोलला त्या हाताच्या पेशींत एकाच घडणीचीं प्रथिनें असावींत, ही गोष्ट कोणत्याहि अद्‍भुतकथेहून कमी नवलाची नाहीं.

आतां उपमांकडे वळूं. क्षेमेंद्रानें अकराव्या शतकांत औचित्य हें काव्याचें जीवित मानलें. शास्त्रीय गद्यास ही कसोटी अधिकच कडकपणें लावली पाहिजे. उपमा सर्वांगीं जुळत नसते हें खरें. पण ती जेथें जुळत नाहीं तेथें नेमकें काय झाकलें जातें, हें टीकाकारानें पाहिलें पाहिजे.

पहिली आणि सर्वांत रूढ उपमा कारखान्याची. पेशी हा कारखाना, जालिका ही यंत्रशाळा, गॉल्गी संकुल हें बांधणीचें व रवानगीचें खातें. शालेय विद्यार्थ्याला पहिली ओळख करून द्यावयास ही उपमा वाईट नाहीं. परंतु तिचा एक अंगभूत दोष आहे. कारखान्यांत माल कमी आला कीं आपण दोन कारणें समजतों: कच्चा माल वाईट, नाहीं तर यंत्र वाईट. तिसरें कारण त्या उपमेंत बसत नाहीं. आणि करमाळ्याच्या त्या मुलाच्या बाबतींत नेमकें तिसरेंच कारण होतें. पांचवा व आठवा हे दोन्ही घटक त्याच्या पेशींत यथास्थित तयार होत होते. त्यांच्या जनुकांत कांहीं बिघाड नव्हता, त्यांच्या अंगावरची शर्करासांखळीहि बरोबर होती. उणीव होती ती ती सांखळी ओळखून त्यांना जालिकेंतून गॉल्गीकडे नेणाऱ्याची.

हा नेणारा म्हणजेच वर सांगितलेलें एर्जिक-५३. तो मॅनोजच्या फांद्या ओळखतो, एमसीएफडी-२ नांवाच्या सोबत्याच्या साहाय्यानें या दोन घटकांना उचलतो, पुढच्या टप्प्यावर आम्लतेचें व कॅल्शियमचें मान बदललें कीं सोडून देतो, आणि रिकाम्या हातांनीं मागें फिरतो. दोघांपैकीं एकजण जरी नसला तरी दोन्ही घटक रक्तांत तुटपुंजे उतरतात. बहुधा नेहमीच्या ५ ते ३० टक्के. या विकाराची नोंद १९५४ मध्यें झाली होती, पण दोन वेगळ्या गुणसूत्रांवरील जनुकांनीं घडणारे दोन घटक एकदम कां उणे व्हावेत हें कोडें चाळीसांहून अधिक वर्षें सुटलें नाहीं. १९९८ मध्यें एर्जिक-५३ चा आणि २००३ मध्यें एमसीएफडी-२ चा संबंध उघड झाला. २००५ मध्यें मुंबईच्या परळ येथील रक्तविषयक राष्ट्रीय संस्थेंतील संशोधकांनीं इटालियन सहकाऱ्यांसमवेत भारतीय कुटुंबांत या दोन्ही जनुकांतील बदल नोंदविले. म्हणजे हें ज्ञान परक्या मुलखांतील नाहीं; आपल्याच माणसांच्या रक्तांतून तें मिळालें आहे. तें आपल्याच भाषेंत नीट उतरूं नये याचा विषाद वाटतो.

दुसरी उपमा टपालाची. प्रथिन हें पत्र, शर्करासांखळी हा पत्ता, आणि लेक्टिन हा पत्ता वाचणारा. कारखान्याहून ही उपमा निःसंशय सरस आहे, कारण पत्राचा मजकूर आणि पत्राची पोंच या दोन वेगळ्या गोष्टी आहेत हें ती दाखविते. लयकारिकांकडे जाणाऱ्या प्रथिनांच्या बाबतींत तर ती फार चांगली लागू पडते. गॉल्गी संकुलांत या प्रथिनांच्या मॅनोजवर फॉस्फेटची खूण उमटविली जाते. ती खूण ओळखणारे ग्राहक त्यांना लयकारिकांकडे नेतात. १९६७ मध्यें लेरॉय व डेमार्स यांनीं बालकांच्या एका दुर्धर विकारांतील पेशींचें वर्णन केलें. या पेशींत न पचलेल्या पदार्थांचे कण ठासून भरलेले असतात. वाटावें कीं पाचक प्रथिनें बनतच नसावींत. परंतु तीं बनतात, आणि रुग्णाच्या रक्तांत तर प्रमाणाबाहेर सांपडतात! फॉस्फेटची खूण उमटविणारें साधन नसल्यामुळें तीं लयकारिकांत न जातां पेशीबाहेर वाहून जातात. पत्र चांगलें, पण पत्ताच लिहिलेला नाहीं. एलिझाबेथ न्यूफेल्ड यांनीं १९७२ मध्यें, अशी कांहीं खूण असली पाहिजे, हें तर्कानें ताडलें होतें. करमाळ्याच्या मुलाचा विकार आणि हा विकार शेजारीं ठेवून पाहिले म्हणजे विषय स्पष्ट होतो: एकांत लिहिणारा नाहीं, दुसऱ्यांत वाचणारा नाहीं, लिहिलेली वस्तु मात्र दोन्हीकडे निर्दोष.

तरीहि टपालाच्या उपमेंत एक उणीव आहेच. पत्त्याचीं अक्षरें एकदां लिहिलीं कीं तींच शेवटपर्यंत राहतात. शर्करासांखळी वाटेंत क्षणोक्षणीं बदलते. कोठें कापली जाते, कोठें वाढते, कोठें तीवर नवी खूण येते. ती पत्त्यापेक्षां कचेरींतील कागदावर जागोजाग पडणाऱ्या शेऱ्यांसारखी आहे. प्रत्येक मेजावर मागील शेरा पाहून कागद पुढें सरकतो, आणि पुढें सरकतांना त्यावर नवा शेरा पडतो. कचेऱ्यांची सवय आपल्या लोकांना पुष्कळ आहे. हा दृष्टांत समजावयास कोणास जड जाऊं नये.

तिसरी उपमा तपासनिसाची. कॅल्नेक्सिनास ‘मालाचा दर्जा तपासणारा’ म्हणतात. येथें उपमा केवळ अपुरी नसून चुकीची आहे. कॅल्नेक्सिन घडी तपासत नाहीं. त्याला तिची ओळखच नसते. तें फक्त एक ग्लुकोज आहे कीं नाहीं एवढेंच पाहतें. घडीची पारख करणारें प्रथिन निराळें, आणि तें आपला निर्णय ग्लुकोज जोडून लिहून ठेवतें. शाळेंत परीक्षा घेणारा एक आणि निकालपत्रक पाहून मुलाला वर्गांत बसविणारा दुसरा, तसा हा प्रकार आहे. परीक्षक आणि वाचक यांचें काम वेगळें ठेवण्यांतच या व्यवस्थेचें मर्म आहे, आणि तपासनिसाच्या उपमेनें नेमकें तेंच पुसलें जातें.

उपमांप्रमाणें पारिभाषिक शब्दांचेंहि परीक्षण झालें पाहिजे. लयकारिका हा शब्द मला फार आवडतो. लय म्हणजे विलीन होणें. जें आलें तें विरघळवून त्याचें मूलद्रव्य परत देणारी, असा सगळा व्यापार त्या पांच अक्षरांत येतो. त्याच वस्तूला शालेय पुस्तकांतून ‘आत्मघाती पिशव्या’ असें जें टोपणनांव देतात, तें मात्र भडक व असत्य आहे. लयकारिकांचें नित्याचें काम पेशीला मारण्याचें नाहीं, तिचें घर झाडून ठेवण्याचें आहे. एकाच पानावर इतका चांगला शब्द आणि इतकें वाईट टोपणनांव शेजारीं बसलेलें पाहून आश्चर्य वाटतें.

लेक्टिनांना ‘शर्कराबंधक प्रथिनें’ म्हणण्याचाहि प्रघात आहे. बंधक शब्दानें घट्ट गांठ किंवा गहाणवट मनांत येते. प्रत्यक्षांत लेक्टिनाची एकट्या शर्करेवरील पकड दुबळी असते, आणि तशीच असावी लागते. सोडतांच येणार नाहीं अशी पकड घेऊन नेणारा मार्गावर काय कामाचा? पकड भक्कम व्हावयास अनेक हात एकदम लागतात. एर्जिक-५३ चे रेणू म्हणूनच गटागटानें असतात. यासाठीं ‘शर्कराग्राही’ हा शब्द मला अधिक योग्य दिसतो. मराठींत गुणग्राही माणूस गुण ओळखतो, त्यांना कोंडून ठेवीत नाहीं. रसग्रहण हा आमचा टीकाकारांचा शब्दहि त्याच कुळांतला आहे.

लेक्टिन या नांवाचा मूळ अर्थहि इकडेच बोट दाखवितो. बॉस्टनच्या विल्यम बॉइड यांनीं १९५४ मध्यें हें नांव सुचविलें तें ‘लेगेरे’ या लॅटिन धातूवरून. त्यांना अभिप्रेत होता तो अर्थ वेचणें, निवडणें; कारण कांहीं बियांचे अर्क एका रक्तगटाच्या पेशी वेचून धरतात व दुसऱ्या गटाच्या सोडून देतात, हें त्यांनीं पाहिलें होतें. पण त्याच लॅटिन धातूचा दुसरा अर्थ वाचणें असा आहे. मराठींत वेचणें आणि वाचणें हे शब्द व्युत्पत्तीनें निरनिराळे असतील, कानाला मात्र ते भावंडांसारखे लागतात. त्यांतून आपल्या ‘वाचणें’ शब्दाला आणखी एक अर्थ आहे, जो लॅटिनला नाहीं: जीव बचावणें. जालिकेंतील प्रथिनाची खूण वाचली गेली तर तें वाचतें. रक्तस्राव होणाऱ्या मुलाचे घटक वाचून नेणारा असता तर त्याचा त्रास वांचला असता. हा शब्दश्लेष मी जुळविलेला नाहीं. तो भाषेंत आयताच होता, आणि आमच्या शास्त्रीय लेखकांनीं तो उचलला नाहीं.

वाचणाऱ्याची चूक किती महाग पडते याचें एक उदाहरण मुंबईचेंच आहे. १९५२ मध्यें भेंडे, देशपांडे व भाटिया यांनीं इंग्लंडांतील सहकाऱ्यांसह ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय पत्रांत एका नव्या रक्तगटाची माहिती प्रसिद्ध केली. पुढें तो ‘बॉम्बे रक्तगट’ म्हणून जगभर ओळखला जाऊं लागला. तांबड्या पेशींवरील शर्करासांखळीच्या टोकाशीं बहुतेक सर्व माणसांत फ्यूकोज नांवाची एक शर्करा बसविलेली असते. हें काम स्रावमार्गावरील गॉल्गी संकुलांत होतें. या खुणेस एच म्हणतात. तिच्यावर आणखी एक शर्करा चढली कीं ए किंवा बी गट होतो; कांहींच न चढलें तर ओ. बॉम्बे गटाच्या माणसांत तें फ्यूकोजच बसविलें जात नाहीं. पाया नाहीं म्हणून ए किंवा बी यांचा मजला चढविण्याचें साधन असलें तरी मजला चढत नाहीं. नेहमीच्या तपासणींत या पेशी ए व बी या दोन्ही प्रतिद्रव्यांना उत्तर देत नाहींत, म्हणून त्यांचें वाचन ओ असें होतें. परंतु या माणसाच्या रक्तद्रवांत एच च्याहि विरुद्ध प्रतिद्रव्य असतें. त्याला ओ गटाचें रक्त दिलें तर प्राणावर बेततें. त्याला त्याच्याच गटाच्या माणसाचें रक्त लागतें. १९७४ मध्यें प्रसिद्ध झालेल्या पाहणीनुसार मुंबईंत हें प्रमाण सुमारें ७,६०० मध्यें एक असें आढळलें.

या ठिकाणीं ‘सर्वदाता’ हा शब्द आठवावा. ओ गटाच्या माणसाला आपण अभिमानानें सर्वदाता म्हणतों. शब्द भारदस्त आहे, दानशूरतेचा गंध त्याला आहे, आणि हजारांत नऊशें नव्याण्णवांहून अधिक वेळां तो चालतोहि. परंतु ‘सर्व’ या अक्षरांतून जो एकजण गळला, त्याच्या दृष्टीनें हा शब्द प्राणघातक आहे. रक्त देण्यापूर्वीं दोघांचें रक्त प्रत्यक्ष जुळवून पाहण्याची जी रीत आहे ती शब्दावर विश्वास न ठेवण्याची रीत आहे. टीकाकारास तिच्याविषयीं आदर वाटल्यावांचून राहत नाहीं. आणि एच ही खूण आहे कीं नाहीं हें प्रयोगशाळेंत पाहतात तें कशानें? यूलेक्स या युरोपांतील, शेंगवर्गीय, कांटेरी झुडुपाच्या बियांतून काढलेल्या लेक्टिनानें. पेशीनें जें लिहिलें नाहीं, तें पुन्हां बीजांतला वाचकच सांगतो.

या लेखांत मीं वाचकाच्या रूपकाची बाजू घेतली. त्याचेहि दोष सांगणें प्राप्त आहे. वाचणाऱ्याला मन असतें, हेतु असतो. लेक्टिनाला दोन्ही नाहींत. रेणू अखंड एकमेकांवर आदळत असतात. ज्याचा आकार ज्याला जुळतो तो क्षणभर टेकतो, व सुटतो. जालिकेंत कोणी शहाणा बसलेला नाहीं. शिवाय वाचन म्हटलें कीं अर्थ आला, आणि अर्थ म्हटला कीं कोणी अर्थ घालणारा आहे अशी समजूत होते. तीहि येथें लागू नाहीं. एवढें सांभाळून हें रूपक वापरलें तर तें उपयोगी आहे, कारण तें दोन गोष्टी ध्यानांत ठेवतें: वस्तु चांगली असूनहि अडून राहूं शकते, आणि खूण असूनहि ती ओळखणारा नसला तर ती व्यर्थ जाते. आपल्या काव्यशास्त्रांत सहृदयाला जें स्थान दिलें आहे त्याचें मोल जाणणाऱ्या वाचकाला हें नवें वाटणार नाहीं.

मराठींत शास्त्रीय लेखन पुष्कळ होतें, आणि तें करणाऱ्यांचे श्रम मोठे आहेत. परंतु त्याचें परीक्षण करतांना आपण माहिती बरोबर आहे कीं नाहीं एवढेंच पाहतों, आणि भाषा सोपी आहे कीं नाहीं एवढेंच विचारतों. ‘माल खराब निघतो’ हें वाक्य अत्यंत सोपें होतें. सोपेपणा हा गुण खरा, पण सोपी उपमा चुकीची असली तर ती अवघड उपमेहून अधिक दूर पसरते. म्हणून शास्त्रीय लेखकानें उपमा छापण्यापूर्वीं स्वतःला एक प्रश्न विचारावा: ज्या घरांत हा विकार आहे त्या घरांत हें वाक्य गेलें तर तेथें कोणाच्या माथीं काय येईल?

त्या कुटुंबाकडे मी पुन्हां गेलों तेव्हां मुलाचे पुढील अहवाल आले होते व विकाराचें कारण निश्चित झालें होतें. ओसरीवर शेंगा सोलीत बसलेल्या सासूबाईंना मीं कारखान्याची गोष्ट बाजूला ठेवून दुसरी सांगितली. म्हटलें, खळ्यावर धान्य उत्तम पडलें आहे, पोत्यांवर खुणाहि केलेल्या आहेत. पण खूण पाहून पोतें गाडींत घालणारा गडी नाहीं, म्हणून घरीं थोडेंच येतें. हा गडी नसण्याचा वारसा मुलाला आईकडून अर्धा आणि बापाकडून अर्धा असे दोन्ही मिळाले तरच विकार होतो; एका बाजूनें आला तर होत नाहीं. त्या बराच वेळ कांहीं बोलल्या नाहींत. मग म्हणाल्या, “मास्तर, म्हणजे माल चांगलाच आहे म्हणायचा.” मीं होय म्हटलें. शेंगांचें सूप बाजूला सारून त्यांनीं स्वयंपाकघराकडे पाहिलें व हळूच म्हणाल्या, “आणि अर्धा माझ्याकडूनच आला असेल. तिचं नि माझं माहेर एकच की.” मग त्यांनीं सुनेला हांक मारली आणि दोघींसाठीं चहा टाकावयास सांगितलें.